निकालाआधीचा नारळ

डिसेंबरचा पहिला रविवार उजाडला की मला विनाकारण हलकं वाटतं. चहा नेहमीपेक्षा बरा लागतो. वर्तमानपत्रातल्या वाईट बातम्याही जरा लांबच्या वाटतात. खिडकीखालून उसाचा ट्रॅक्टर जातो, मागे दोन ट्रॉल्या हेलकावत असतात, वळणावर एखादं कांडं रस्त्यावर पडतं. तेवढ्यात हलकं वाटण्याचं कारण आठवतं. आज माझी परीक्षा नाही.

इतकी वर्षं झाली तरी हा आनंद शिळा होत नाही. मिळालेल्या गोष्टींचा माणसाला कंटाळा येतो, टळलेल्या गोष्टींचा येत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

यंदा आदल्या संध्याकाळी इंदापूरहून भाचीचा फोन आला. ती जपानी शिकते आहे आणि पहिल्यांदाच त्या भाषेच्या, मी एकेकाळी दिलेल्याच परीक्षेला बसत होती.

"मामा, पेन्सिल साधी नेऊ का क्लिकची?"

"साधी ने. दोन ने. घरात कुणाला सांगितलंस का?"

"फक्त आईला. आणि तिला बजावलंय, निकाल लागेपर्यंत कुणाला बोललीस तर बघ."

मी म्हटलं, शहाणी आहेस. ती हसली. तिला वाटलं, मामा नेहमीसारखा काहीतरी तिरकस बोलतोय. मी अगदी मनापासून बोलत होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात कामाला होतो. घर इंदापूर तालुक्यातल्या कळंबला. सकाळी एसटीनं निघायचं, जंक्शन नावाच्या गावी गाडी बदलायची आणि उसाच्या बैलगाड्यांमागून रांगत रांगत बारामती गाठायची. आमच्या कारखान्याचा एका जपानी कंपनीशी करार झाला आणि तिकडून ड्रॉइंग येऊ लागली. त्यातले आकडे ओळखीचे होते, बाकी सगळीकडे मुंग्या पांगल्यासारख्या दिसत. मग साहेबलोकांनी ठरवलं की पोरांना जपानी शिकवायचं, आणि जे परीक्षा पास होतील त्यांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवायचं. वर्गाचं उद्घाटन झालं. समई लावली, भाषणं झाली, खुर्च्या कमी पडल्या. दिवाळीपर्यंत समईत जेवढ्या वाती होत्या तेवढीच माणसं वर्गात उरली.

शिकवायला पुण्याहून दर शनिवारी देवधर बाई येत. त्यांना 'बाई' म्हटलेलं चालत नसे, 'सेन्सेई' म्हणावं लागे. त्यांच्या मते जपानी शिकायची म्हणजे आधी वेळ पाळायला शिकायचं. हे माझ्याशेजारी बसणाऱ्या दिलीपला कधीच जमलं नाही. तो वडगाव निंबाळकरचा. त्याचा रस्ता सोमेश्वरनगरच्या उसानं तुंबलेला असायचा आणि बाईंना तो दर शनिवारी तेच कारण सांगायचा. फक्त जपानीत सांगायचा, एवढीच काय ती प्रगती. "ऊस" या शब्दाला जपानी शब्द काय, हे त्या वर्गात सगळ्यांत आधी त्यालाच पाठ झालं.

कारखान्यांचा गळीत हंगाम आणि ही परीक्षा यांचा मोसम एकच आहे, हे जपानमध्ये कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. पण माझ्या डोक्यात ती दोन्ही कायमची एकत्र झाली. मळीचा आंबूस गोड वास, पाचट जाळल्याचा धूर, सकाळच्या थंडीत ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपुढे पेटलेल्या चुली, आणि या सगळ्यावरून, आमच्या टेपरेकॉर्डरमधून, एका जपानी बाईचा अतिशय सभ्य आवाज.

परीक्षेत ऐकण्याचा एक भाग असतो. कॅसेट लावतात, दोन माणसं बोलतात, आणि शेवटी विचारतात की छत्री कुठे आहे. मेजाखाली, दाराजवळ की बाईच्या हातात. चार चित्रं असतात, त्यातलं बरोबर ते निवडायचं. सरावासाठी बाईंनी कॅसेट भरून दिली होती. मी ती घरी लावायचो तेव्हा बाहेरून ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे, शेजारी कोंबड्या आरडायच्या आणि आई चुलीपाशी भाकरी थापत असायची. भाकरी थापता थापता तीही ऐकायची. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज ओळखीचे झाले होते.

एकदा तिनं विचारलं, "ही बाई रोज कुणाला तरी वाट इचारतीया. हिला घरदार न्हाय का?"

"स्टेशन शोधतेय ती."

"रोज? आन् सांगणारा बी रोज त्योच?"

"सरावाचं असतं ते आई."

"आन् तिचं पाकीट हरवलं हुतं, ते घावलं का?"

पाकिटाचं मी तिला कधीतरी सांगितलं होतं. त्या धड्यात पाकीट सापडत नाही, ते कोणत्या रंगाचं होतं एवढंच विचारतात. आईला ही परीक्षा अगदीच निर्दय वाटली.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लिपीत रस होता. अण्णा पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ सोडायचं, ते बघायचं त्यांचं काम. माझ्या वहीत तीन उभ्या रेघा बघून त्यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, नदी. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली. "नदी कशाची, हा पाट हाय. मधला कालवा, आन् दोन अंगाला दोन चाऱ्या." मग चौकोनाचे चार भाग केलेलं शेताचं चिन्ह बघून म्हणाले, "हे तर आपलं वाफं." त्यानंतर जपान्यांबद्दल त्यांचं मत फार चांगलं झालं. ज्यांना वाफे आणि पाट लिहून ठेवावेसे वाटले, ती माणसं वाईट असणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं.

तसाही आमच्या वस्तीला जपानबद्दल जिव्हाळा होताच. अण्णा लहान असताना वस्तीनं धम्मदीक्षा घेतली, आणि जपानात बौद्ध राहतात हे विहारातल्या भाषणांतून सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे मी परदेशी निघालोय असं कुणाला वाटायचं नाही. जरा लांबच्या पाहुण्यांकडे चाललोय, असंच वाटायचं.

परीक्षा पुण्यात होती. नेमकं त्या वर्षी डिसेंबरचा पहिला रविवार सहा तारखेला आला. अण्णा दर सहा डिसेंबरला दादरला, चैत्यभूमीला जायचे. मला आठवतं तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही दादरला जा, मी एकटा जाईन पुण्याला. ते मग म्हणाले, "त्येंनी उभ्या जन्मात परीक्षाच दिल्या. रांगेत मी न्हाय दिसलो तर त्येंना काय वाटायचं न्हाय. तू परीक्षेला न्हाय दिसलास तर वाटंल." आणि आम्ही शनिवारी पुण्याला आत्याकडे मुक्कामाला गेलो.

परीक्षेच्या खोलीतली शांतता मला अजून आठवते. ती माझ्या सरावात नव्हती. मी ट्रॅक्टर, कोंबड्या आणि भाकरीच्या थापांमधून जपानी वेचून काढायला शिकलो होतो. इथे काहीच नाही, नुसता पंखा आणि कॅसेटमधली बाई. पहिले काही प्रश्न मला त्या शांततेमुळेच ऐकू आले नाहीत. मग मी मनातल्या मनात चुलीपाशी एक भाकरी थापायला घेतली, तेव्हा कुठे ती छत्री मेजाखाली असल्याचं कळलं.

उत्तरं लिहायची नसतात, गोल काळे करायचे असतात. ते एक यंत्र वाचतं. या यंत्राची पुष्कळ टिंगल मी पुढे ऐकली आणि स्वतःही केली. भाषेसारखी गोष्ट गोल रंगवून मोजणं हे हास्यास्पद आहेच. छत्री कुठे आहे हे ज्याला कळलं त्याला जपानी कळलं, असं म्हणणं म्हणजे ज्याला वाढपी दिसला तो जेवला असं म्हणण्यासारखं आहे. पण त्या दिवशी गोल काळे करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शाळेत, कचेरीत, बँकेत, जिथे जिथे मी नाव सांगितलं होतं, तिथे समोरचा क्षणभर थांबून आडनाव तोलायचा आणि मग पुढचं बोलायचा. तो क्षण इतका छोटा असतो की तक्रार करता येत नाही, आणि इतका ठरलेला की चुकत नाही. हे यंत्र थांबणार नव्हतं. त्याला गोल काळा आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. इतकं कोरडं कुणी माझ्याशी तोवर वागलं नव्हतं. मला बरं वाटलं.

बाहेर झाडाखाली अण्णा बसले होते. पुण्याचे पालक तयारीनं आलेले. थर्मास, मासिकं, एकानं तर घडीची खुर्ची आणली होती. त्या खुर्चीवाल्या गृहस्थांशी अण्णांची ओळख झाली. ते अण्णांनी परतीच्या गाडीत मला रंगवून सांगितलं.

"म्हणले, मुलगा कितवीला? मी म्हणलं, चौथीला. म्या इचारलं, तुमची? तर म्हणले, मुलगी हाय, दुसरीला. जरा खट्टू दिसलं गडी. मी म्हणलं, व्हईल हो, लहान हाय अजून. यील वर हळूहळू."

मी कपाळाला हात लावला. या परीक्षेच्या पायऱ्या उलट्या मोजत. चौथी सगळ्यांत खालची, पहिली सगळ्यांत वरची. दुसरी म्हणजे ती मुलगी माझ्या कितीतरी पुढे होती. अण्णांना हे समजावून सांगितलं. ते हडपसर मागे पडल्यावर म्हणाले, "त्या मानसाची माफी मागाय पायजे हुती."

हा उलटा क्रम सगळ्या कळंबात माझ्याखेरीज फक्त अण्णांना माहीत झाला. पुढच्या आठवड्यात ही माहिती नसती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं असणार.

कारण पुढच्या आठवड्यात तात्या आले. तात्या म्हणजे गावातले मोठे बागायतदार, दूधसंस्थेचे कर्तेधर्ते. दिलदार माणूस, पण समारंभाशिवाय त्यांना करमायचं नाही. आमच्या भागात कार्यक्रमाची रीत अशी की आधी पाहुण्यांची तारीख मिळते आणि मग तिच्यासाठी कारण शोधतात. तात्यांना जिल्ह्याच्या एका संस्थेच्या अध्यक्षांची तारीख मिळाली होती. दूध थंड करायचं नवं यंत्र आलं होतं, त्याचं उद्घाटन ठरलं. पण नुसत्या यंत्रावर अध्यक्षांचं भाषण लांबणार कसं?

तात्या मोटारसायकल बंद न करताच बोलायचे. तेव्हाही दारात गाडी धडधडत ठेवून म्हणाले, "सोपान, पोराचं पेपर कसं गेलं?"

"बरं गेलं म्हणतुया."

"झालं मंग. रविवारी सत्कार ठेवलाय त्येचा."

अण्णा उठून उभे राहिले. "तात्या, निकाल कुठं लागलाय? फेब्रुवारी उजाडंल त्याला."

"निकाल येतोय की मागनं. अध्यक्षांची तारीख मिळालीया, ती काय परत मिळायची न्हाय."

"पर नापास झाला म्हंजे?"

"आरं, चौथीला बसलंय पोरगं! चौथीला बसू देत्यात म्हंजे पयल्या तीन झाल्याच आसत्याल का न्हाय? चौथीचं ऱ्हाऊ दे, त्या तीनाचा सत्कार समज."

अण्णांनी तोंड उघडलं. उलट्या पायऱ्या समजावून सांगायला निवांत वेळ लागतो, आणि तात्यांच्या गाडीचा आवाज फार होता. तात्या गेले. अण्णा दारातच उभे राहिले. मग मला म्हणाले, "आता तुला पास व्हायलाच पायजे बाबा." मी म्हटलं, पेपर तर देऊन झाला अण्णा. ते म्हणाले, "तेच म्हणतुया मी."

रविवारी दूधसंस्थेपुढे मांडव पडला. कापडी फलकावर पेंटरनं एकाच रंगात, एकाच मापात लिहिलं होतं: दूध शीतकरण यंत्राचे उद्घाटन व जपानी भाषा परीक्षेतील उज्ज्वल यशाबद्दल सत्कार. यंत्रालाही हार होता. तो माझ्या हारापेक्षा मोठा होता, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. यंत्राची चाचणी आधी झाली होती.

मग लाऊडस्पीकरवरून नाव पुकारलं, "यशवंत विद्यार्थ्याचे वडील, सोपानराव, यांनी कृपया व्यासपीठावर यावं." कुणीच उठेना. पुन्हा पुकारलं. शेवटी शेजारच्यानं अण्णांना ढोसलं, "आवो, तुमालाच बोलावत्यात." अण्णांना खरंच कळलं नव्हतं. ते जन्मभर सोपान होते. लहानांना सोपान, मोठ्यांना सोपान, ज्यांच्या शेताला त्यांनी पाणी सोडलं त्यांना तर हाकेच्या अंतरावरचे सोपान. गावच्या मांडवात आमच्या वस्तीतलं कुणी खुर्चीवर बसल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. सतरंजीवर, कडेला, बसायचो आम्ही. अण्णा चढले, आणि खुर्चीच्या टोकावर बसले. कुणी उठ म्हटलं तर पटकन उठता यावं, असे.

अध्यक्ष बोलायला उठले. जपानचं कौतुक झालं, जपानी माणसाच्या कष्टाळूपणाचं झालं, जपानी गाईंचंही झालं. मग ते माझ्याकडे वळले. "पहिली, दुसरी, तिसरी, या सगळ्या पायऱ्या मागे टाकून आपला हा तरुण थेट चौथीला जाऊन पोचला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी अण्णांकडे बघितलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

आणि मग, मला ज्याची भीती होती तेच झालं. "चार शब्द जपानीत बोला," अध्यक्ष म्हणाले. माझ्याकडे चारच शब्द होते म्हटलं तरी चालेल. माईक हातात घेतला आणि जे आलं ते बोललो. माफ करा, स्टेशन कुठे आहे? सरळ जा. बँकेच्या शेजारी आहे. माझं पाकीट हरवलं आहे. ते काळं आहे. धन्यवाद. जमेल तेवढ्या गंभीरपणे, थांबत थांबत. मांडव शांत झाला होता. अध्यक्ष डोळे मिटून मान डोलावत होते. नंतर ते म्हणाले की भाषा कळली नाही, तरी भावना पोचली.

बायकांच्या बाजूला एकटी आई पदर तोंडावर धरून हसत होती. तिला पाकीटवाली बाई बरोब्बर ओळखू आली होती.

शाल मिळाली आणि नारळ मिळाला. अण्णा त्याला श्रीफळ म्हणत नसत. देवाधर्माचं काही असेल तर आमच्या घरात ते चालत नसे, पण नारळ हे फळ आहे आणि फळाला हरकत नाही, असा त्यांनी तोडगा काढला होता. घरी आल्यावर त्यांनी तो फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवला. आईनं चटणीला मागितला, तर म्हणाले, "निकाल लागंस्तवर न्हाय फोडायचा. आपला न्हाय त्यो अजून."

नंतरचे आठवडे मी गावात नापास होण्याची शक्यता असलेला एकमेव यशस्वी माणूस म्हणून काढले. लोक माझ्याकडे वस्तू घेऊन येत. फवारणीचा पंप, हातातलं घड्याळ, कुणाच्या भावानं आखातातून आणलेला टेप. "वाच की जरा, काय लिवलंय." एका जुन्या इंजिनावरचं एक लेबल मी खरोखर वाचलं. तिथे 'ऑइल' लिहिलं होतं. जपान्यांनी इंग्रजी शब्दच आपल्या लिपीत लिहिला होता. त्या दिवशी मला फार मान मिळाला. तिथे तेलच ओततात हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, पण आता त्याला जपानचा दुजोरा मिळाला.

आणि अण्णा सोपानराव झाले. माईकवरून एकदा झालेलं नाव चिकटलं. कालव्यावर लोक त्यांना सोपानराव म्हणू लागले. तात्याही म्हणू लागले. ज्या हॉटेलात अण्णा उभ्यानं चहा प्यायचे तिथल्या मालकानं बाकडं पुसून दिलं. अण्णा बसले, चहा प्यायले, आणि घरी येऊन मला विचारलं, "निकाल कधी म्हणलास?" मला त्यांची भीती समजत होती. सोपान म्हणून जगायला त्यांना कधीच अडचण आली नव्हती. पण सोपानरावांचा पुन्हा सोपान होणं, तेही पोराच्या नापास होण्यावरून, भर गावात, हे वेगळं होतं. ते पडणं एकट्याचं राहिलं नसतं. पुढच्या वेळी वस्तीतल्या कुणाला मांडवात खुर्ची द्यायची म्हटलं, की कुणीतरी हसून म्हणालं असतं, आधी निकाल बघा.

देवधर बाईंना मी सत्काराचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "निकालाआधी? अरे, जपानात निकालानंतरसुद्धा कुणी इतकं करत नाही." दिलीपला मात्र फार आनंद झाला होता. "लेका, तुझा सत्कार झाला आन् माझी सुटका झाली. वडगावात कुणाला ठाव बी न्हाय मी परीक्षा दिली ते. म्या निवांत झोपतुया."

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं. ऊसतोडीच्या काही टोळ्या परतीला लागल्या होत्या. मोकळ्या झालेल्या शेतांत बगळे उतरायचे. कंपनीनं आमचे अर्ज बाईंच्या संस्थेमार्फत भरले होते, त्यामुळे निकाल आधी त्यांना कळणार होता. एका शनिवारी मी आणि दिलीप त्यांना आणायला बारामतीच्या स्टँडवर उभे होतो. बाई गाडीतून उतरल्या. आमच्याकडे न बघता छत्री उघडली, पिशवी खाली ठेवली, तिच्यातून दोन पुस्तकं काढली. एक दिलीपला दिलं, एक मला.

दिलीपनं दोन्ही पुस्तकांकडे बघितलं. "सेन्सेई, हे चौथीचं पुस्तक तर माझ्याकडं हाये."

"म्हणूनच पुन्हा आणलं. या वेळी उघडून बघ."

माझ्या हातात तिसरीचं पुस्तक होतं. बाई म्हणाल्या, "काठावर नाहीस. बरा आहेस. ऐकण्यात पहिले तीन-चार का चुकवलेस?" मला त्यांना शांततेबद्दल सांगायचं होतं, पण मी त्यांची पिशवी उचलली. स्टँडवर नेहमीप्रमाणे पुकारा चालला होता, कंडक्टर ओरडत होते, शेंगावाले ओरडत होते. इतका गोड गोंगाट मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

दिलीपनं पाठीवर थाप मारली. "म्या नापास झालो, वडगावात कुणाला पत्ता न्हाय. तू पास झालास, कळंबात कुणाला पत्ता न्हाय. सारखंच की लेका."

तो चेष्टा करत होता, पण मी पेढे घेऊन जंक्शनपर्यंत आलो तेव्हा मला त्याचं म्हणणं नीट कळलं. हे पेढे वाटायचे कुणाला? जो घेईल तो विचारणार, कशाचे? पास झालो म्हणावं, तर तो म्हणणार, मग डिसेंबरात कशाचा सत्कार झाला? मी पेढे पिशवीत तळाशी घातले आणि वर तिसरीचं पुस्तक ठेवलं. पास झाल्याची लपवाछपवी करणारा त्या रस्त्यावरचा मी बहुधा पहिलाच प्रवासी असेन.

पुढे मी जपानला गेलो. सहा महिने राहिलो. तिथे स्टेशन कुठे आहे असं मला एकदाही विचारावं लागलं नाही, सगळीकडे पाट्या होत्या. पाकीटही हरवलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरीला बसलो, तेव्हा गावात हळहळ झाली. चौथीवरनं तिसरीला आला, म्हणजे घसरला बिचारा, असं लोक म्हणत. त्या वर्षी सत्कार झाला नाही. मी निवांत अभ्यास केला. दिलीप तेव्हा चौथी पास झाला आणि त्याचे पेढे मात्र आम्ही भर चौकात खाल्ले.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी घरी न जाता आधी कालव्यावर गेलो. अण्णा चारीच्या दाराचं चाक फिरवत होते. मला वाटेनं येताना बघून त्यांचे हात थांबले. मी नुसती मान हलवली.

"चौथी?" त्यांनी विचारलं.

"चौथी."

"सगळ्यात खालची."

"सगळ्यात खालची."

"झालं तर." त्यांनी उरलेलं चाक फिरवून दार पुरतं बंद केलं, कालव्याच्या कडेला बसले आणि ओंजळीनं तोंड धुतलं. बराच वेळ धूत राहिले. मग टोपी झटकून डोक्यावर घातली. "चल. चटणीला नारळ पायजे हुता न्हवं तुज्या आईला."

पिठाच्या डब्यामागचा नारळ त्यांनी काढला आणि कानाशी हलवला. आत खडखड वाजलं. पाणी आटून गोटा सुटला होता. दारातल्या दगडावर अण्णांनी तो आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला, तेवढ्यात रस्त्यावरून मोटारसायकलचा आवाज आला आणि तात्या येऊन थांबले. गाडी चालूच.

"काय सोपानराव, नारळ कशाचा?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी आत, पेढ्यांच्या पिशवीकडे बघितलं.

"काय न्हाय तात्या," अण्णा म्हणाले. "फोडायचा राहिला हुता."

त्यांनी तिसऱ्यांदा आपटला. करवंटी फुटली आणि आतला अख्खा गोटा, कोरडा, तपकिरी, अंगणात घरंगळला. अण्णांनी तो उचलून धोतराला पुसला, फोडला आणि एक तुकडा तात्यांच्या पुढे धरला. तात्यांनी तोंडात टाकला, चावला, चवीनं मान हलवली.

"गोड हाय की!" ते म्हणाले, आणि गाडी वळवून निघून गेले.

अण्णा अंगणातच पाय पसरून बसले. त्या हंगामात मी त्यांना असं पहिल्यांदाच बसलेलं बघत होतो, उठायची कसलीही तयारी नसलेलं.